अठराशे बेचाळीस माणसांचं गाव

आडगव्हाणला एसटी आणायची, असं सिद्धोधन वाघमारे यांनी एका मंगळवारी दुपारी सव्वातीन वाजता ठरवलं. खरं सांगायचं तर त्यांनी नाही, त्यांच्या बायकोनं ठरवलं. धम्मशीलाबाई परभणीहून लेकीकडून परत येत होत्या. परभणी ते सेलू रेल्वेनं, सेलूहून हमरस्त्यावरच्या आडगव्हाण पाटीपर्यंत बसनं, हा सगळा प्रवास त्यांनी दोन तासांत उरकला. पाटीवर बजरंगची जीप उभी होती. पाटीपासून गाव आत चार किलोमीटर, आणि बजरंगचा नियम असा की चौदा माणसं झाल्याशिवाय चावी फिरवायची नाही. धम्मशीलाबाई तिसऱ्या होत्या. दीड तासात अकरा माणसं जमली, त्यातली दोघं कंटाळून चालत निघाली, म्हणजे पुन्हा नऊ. तेव्हा त्याही दोन पिशव्या आणि दोन दुखरे गुडघे घेऊन उतरल्या आणि चालू लागल्या.

घरी आल्यावर त्यांनी पिशव्या उंबऱ्यात टेकवल्या, तांब्याभर पाणी प्यायलं आणि खुर्चीत पेपर वाचणाऱ्या नवऱ्याला म्हणाल्या, "चौतीस वर्षं लोकांचे अर्ज दाबून ठिवले तुमी. आता एक स्वतःचा करा."

हा आरोप सिद्धोधनरावांना लागला. ते परभणीच्या एका सरकारी कार्यालयातून अधीक्षक म्हणून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. कोणत्या, ते सांगण्यात अर्थ नाही, कारण तिथले लोक अजून नोकरीत आहेत. चौतीस वर्षांत त्यांनी एकही अर्ज दाबला नव्हता. त्यांनी अर्ज प्रलंबित ठेवले होते. या दोन्हींत फरक आहे, आणि तो त्यांनी बायकोला लग्नापासून समजावून सांगितला होता. पण एक गोष्ट त्यांना मनातून पटली. ज्यानं इतके अर्ज परत पाठवले, त्यालाच परत न येणारा अर्ज कसा लिहायचा ते कळणार. त्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि कोरा कागद मागितला.

मसुदा तयार व्हायला चार दिवस लागले. 'मौजे आडगव्हाण येथे बससेवा सुरू करणेबाबत' हा विषय पहिल्याच दिवशी जमला. गाडी अडली ती लोकसंख्येवर. गावाच्या तोंडाशी ग्रामपंचायतीचा फलक होता आणि त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं, लोकसंख्या ६१४. हा आकडा सिद्धोधनरावांना फार बारीक वाटला. सहाशे चौदा माणसांसाठी एक लालगाडी रोज चार किलोमीटर आत येईल, असं त्यांना स्वतःलाच वाटेना. ते सल्ल्यासाठी पंडितच्या हॉटेलात गेले. हॉटेल म्हणजे पत्र्याखाली दोन बाकडी आणि एक स्टो. पण गावातल्या प्रत्येक कामाला मंजुरी आधी तिथं मिळायची.

"किती लिवायलाव?" पंडितनं चहा गाळता गाळता विचारलं.

"सहाशे चौदा."

"मंग झालं कल्याण. ऑफिसवाले निम्मं धरतेत. तुमी डबल लिवा, म्हंजी बराबर होतंय."

माजी सरपंच दत्तराव शेजारच्या बाकड्यावर सुपारी कातरत होते. त्यांना कारभाराचा अनुभव मोठा. ते म्हणाले, "डबल सगळेच लिवतेत. ऑफिसवाल्यांना बी ठावं झालंय ते. तिप्पट लिवा."

सिद्धोधनरावांनी तिथंच कागदाच्या कोपऱ्यात गुणाकार केला. अठराशे बेचाळीस. आकडा त्यांना बघताक्षणी आवडला. अठराशे लिहिलं असतं तर थाप वाटली असती. अठराशे बेचाळीस म्हटलं की कुणीतरी घरोघर जाऊन, चपला झिजवून मोजल्यासारखं वाटतं. त्यातले ते शेवटचे दोन तर इतके खरे वाटत होते की त्यांचे चेहरेसुद्धा डोळ्यांपुढे आले.

अर्ज घेऊन ते डेपोत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या अलीकडच्या बाजूला उभे राहिले. पलीकडच्या कारकुनानं अर्ज घेतला, चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाला, "ग्रामसभेचा ठराव नाही जोडला." दुसऱ्या खेपेला ठराव होता, पण रस्ता अवजड वाहनाला योग्य असल्याचा दाखला नव्हता. तिसऱ्या खेपेला दाखला होता, पण गावात गाडी वळवायला जागा आहे याचा फोटो नव्हता. प्रत्येक वेळी कारकून एकच त्रुटी सांगायचा, दुसरी पुढच्या भेटीसाठी राखून ठेवायचा. सिद्धोधनरावांना राग यायला हवा होता. पण चष्मा पुसायची ती लकब, ते 'बघू' म्हणताना खिडकीबाहेर झाडाकडे पाहणं, हे सगळं इतकं ओळखीचं होतं की त्यांना त्या माणसाचं कौतुकच वाटलं. या वेळात आपणही चहा प्यायचो, एवढंच त्यांना आठवलं. त्या आठवणीनं त्यांना जरा अवघडल्यासारखं झालं, मग ते गावी परत आले.

फोटो दिला, पोच घेतली. दसरा झाला. दसऱ्यानंतर ऊसतोडीचे ट्रक आले आणि दरवर्षीसारखं अर्धं गाव बाडबिस्तरा, पातेली, कोयते, कोंबड्या घेऊन त्यांत चढलं. व्यंकटीचं बिऱ्हाड शेवटच्या ट्रकात होतं. त्याची थोरली पोर शिवकन्या, तेरा वर्षांची, धाकट्या भावाला मांडीवर घेऊन गाठोड्यांच्या शेंड्यावर बसली होती. व्यंकटीची आई झुंबरबाई रस्त्याच्या कडेला उभी होती. सिद्धोधनराव सकाळी फिरायला निघाले होते. त्यांनी ट्रकाकडे बघून हात हलवला. वरून चार-पाच जणांनी हात हलवले. त्या ट्रकांतून आपली लोकसंख्या चालली आहे, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

ते लक्षात आलं नोव्हेंबरच्या शेवटी, डेपोचं पत्र आलं तेव्हा. वाहतूक निरीक्षक येत्या गुरुवारी दुपारी बारा वाजता गावाची पाहणी करतील आणि अर्जात नमूद लोकसंख्येची खातरजमा करतील, असं त्यात लिहिलं होतं. 'खातरजमा' हा शब्द सिद्धोधनरावांनी नोकरीत हजारदा वापरला होता. तो इतका टोकदार असतो हे त्यांना आज कळलं. ते पत्र खिशात घालून गावातून एक फेरी मारून आले. लेकुरवाळी, म्हातारी, आजारी आणि मास्तर सगळे धरून दोनशे शहाण्णव माणसं भरली. म्हणजे एक हजार पाचशे सेहेचाळीस कमी पडत होती.

"माणसं आणू की," दत्तराव म्हणाले. माणसं म्हणजे जणू खुर्च्या होत्या, मंडपवाल्याकडून आणायच्या.

"पण कशासाठी? कारण तर पाहिजे."

पंडितनं स्टोला पंप मारला आणि सहज म्हणाला, "तुमचा सत्कार ठिवा."

इथं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सिद्धोधनरावांनी 'छे छे' म्हटलं, पण त्यांना आतून बरं वाटलं. ऑफिसात त्यांचा निरोप समारंभ झाला होता, पण त्या दिवशी वीज गेली होती, आणि प्रमुख पाहुण्यांनी अंधारात शेवटपर्यंत त्यांना शुद्धोधन म्हटलं होतं. तेव्हापासून आपला एक सत्कार राहिला आहे, अशी रुखरुख त्यांच्या मनात होती. गावाच्या भल्यासाठी तो उरकून घ्यायला हरकत नव्हती. 'सेवानिवृत्तीनिमित्त भव्य नागरी सत्कार' अशा पत्रिका छापल्या आणि पाच गावांतल्या सोयऱ्याधायऱ्यांना वाटल्या. निवृत्तीला दोन वर्षं झाली होती, पण पत्रिकेत निवृत्तीची तारीख घातली नाही. तीन दिवस कुणाचाही होकार आला नाही. चौथ्या दिवशी दत्तरावांनी उरलेल्या पत्रिकांखाली पेनानं 'व जेवण' असं लिहून त्या पुन्हा वाटल्या. संध्याकाळपर्यंत चारशे माणसांचा निरोप आला.

धम्मशीलाबाई हे सगळं बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मी एसटी आणा म्हणले होते. तुमी बुंदी आणायलाव."

माणसं आणायचं काम बजरंगकडे दिलं. एसटी आली की आपल्या जीपचं काय होणार, ही फिकीर त्याला होतीच. पण एका दिवसात इतक्या खेपा मिळणार म्हटल्यावर त्यानं ती फिकीर शुक्रवारवर ढकलली. त्यानं तालुक्यातल्या आपल्या सगळ्या दोस्तांना फोन केले.

गुरुवारी सकाळी नऊपासून आडगव्हाणला जी वाहनं यायला लागली, ती अकरा वाजले तरी थांबेनात. नऊ जीपा, चार टेम्पो, दोन ट्रॅक्टर, सात ऑटो आणि साठेक मोटारसायकली. ट्रॉलीतून बायका उतरत होत्या, ऑटोतून लेकरं ओतली जात होती. एसटी वळवायला म्हणून ज्या मोकळ्या जागेचा फोटो दिला होता, तिथं पाय ठेवायला जागा उरली नाही, म्हणून पुढची वाहनं रस्त्यावर लागली, त्यांच्यामागे आणखी लागली. त्यांच्या मधोमध दत्तरावांची म्हैस घुसली आणि कुठल्याच बाजूला हलेना. गावाच्या इतिहासातला हा पहिला ट्रॅफिक जॅम. म्हातारी माणसं ओट्यावर बसून तो बघत होती.

निरीक्षक मनिषा मॅडम स्कूटरवर आल्या. गावापासून किलोमीटरभर अलीकडेच रस्ता तुंबलेला होता. त्यांनी स्कूटर बाभळीखाली लावली, हेल्मेट हातात धरलं आणि उन्हातून चालत आल्या. गावात सगळे 'साहेबां'ची वाट बघत होते. पांढरी जीप, शर्ट खोचलेला आणि मागून फाईल धरलेला शिपाई असा काहीतरी सगळ्यांचा अंदाज होता. त्यामुळे साध्या साडीतली, घामाघूम झालेली एक बाई आली तिला कुणीच ओळखलं नाही. सोयऱ्यांपैकी कुणी असेल म्हणून मंडपातल्या बायकांनी तिचा हात धरला आणि पंगतीत बसवलं. ती नको नको म्हणत असतानाच पत्रावळीवर मसालेभात पडला, वांग्याची भाजी पडली आणि दोनदा बुंदी पडली.

मॅडमनी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, किती वर्षं झाली इथं राहायला?"

"वर्षं कुठली? सकाळी नवाला आलो."

"एसटी पाहिजे का गावाला?"

"आमच्या गावाला हाय की. दिसातून तीनदा येती." म्हाताऱ्यानं भाताचा घास केला. "ह्यांच्याच गावाला न्हाई म्हणतेत. लय हाल हायत बिचाऱ्यांचे."

मॅडमनी डाव्या हातानं पर्समधून वही काढली आणि मांडीवर ठेवली.

एवढ्यात दत्तराव माईकवर आले. साहेब कुठल्याही क्षणी येतील, तेव्हा लोकांना नीट समज द्यावी, असा त्यांचा विचार. कर्ण्यातून आवाज पार शेतांपर्यंत गेला. "बाहेरगावच्या पाहुण्यांना सूचना. निरीक्षक साहेबानं कुणाला बी इच्चारलं, तर आपण आडगव्हाणचेच हाव म्हणून सांगावं. साहेब आजून आलेले न्हाईत. जेवण सावकाश करावं. बुंदी भरपूर हाय."

सिद्धोधनराव तेव्हा स्टेजवर होते. डोक्याला गुलाबी फेटा, अंगावर शाल, गळ्यात पाच हार. फेटा जरा ढिला बांधला गेला होता, तो सारखा डाव्या भुवईवर यायचा. भुवई वर करून त्यांनी पंगतीवरून नजर फिरवली, तेव्हा त्यांना पत्रावळीशेजारचं हेल्मेट दिसलं, मग वही दिसली, मग लिहिणारा हात दिसला. चौतीस वर्षांचा अनुभव वाया जात नाही. जेवता जेवता सरकारी माणूसच असं लिहितो, हे त्यांनी लांबूनच ओळखलं. त्याच वेळी दत्तराव माईकवर म्हणत होते, "अशा या आपल्या अठराशे बेचाळीस ग्रामस्थांचे लाडके..."

ते पाच हारांसकट खाली उतरले आणि मॅडमपुढे जाऊन उभे राहिले.

"अर्जदार तुम्हीच का?" मॅडमनी विचारलं.

"हो. म्हणजे, आहे."

"यातले तुमच्या गावचे किती?"

सिद्धोधनरावांना प्रलंबित ठेवता येईल असं उत्तर सुचेना. त्यांनी फेटा वर सरकवला. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत झुंबरबाई आली आणि तिनं मॅडमचं कोपर धरलं.

"बाई, तुमी माणसं मोजायलाव का? मंग माझे सहा लिवा."

"कुठं आहेत?"

"कारखान्यावर गेलेत ऊस तोडायला. व्यंकटी, त्याची बायको, लहाना पोरगा त्याच्या बायकोसंगं, आन दोन लेकरं."

"मग ती इथली कशी, आजी? ती तर तिकडं आहेत."

झुंबरबाईला हा प्रश्नच कळला नाही. "इथलीच की. कामाला गेलेत." मग मॅडमचं पेन हलत नाही असं बघून तिनं नावं सुरू केली, आणि शेवटी म्हणाली, "आन शिवकन्या लिवा. लय हुशार हाय पोरगी. सातवी झाली तिची."

"मग ती का गेली? शाळा?"

"आठवीला सेलूला जावं लागतंय. पाटीपत्तोर चालत, आंधारात. अकरा पोरी जातेत गावच्या, पण त्यांचे मायबाप घरी हायत, पाटीवर सोडतेत, आणतेत. हिचे मायबाप गेले. मी म्हातारी कुठवर चालू?"

मॅडमनी वहीत दोन ओळी लिहिल्या, हात धुतले आणि हेल्मेट घेऊन निघाल्या. वही त्यांच्याच बाजूनं उघडी होती, पण सरकारी कागद उलटा वाचायची कला सिद्धोधनरावांना चांगली अवगत होती. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, 'गावात दळणवळणाची साधने मुबलक आढळली.' दुसरी ओळ वाचायच्या आत फेटा डोळ्यांवर आला.

चार वाजेपर्यंत आलेली लोकसंख्या आल्या वाहनांनी परत गेली. म्हैस सगळ्यांत शेवटी हलली.

पुढचे दोन दिवस सिद्धोधनरावांना कणकण होती. म्हणजे ते अंगावर पांघरूण घेऊन पडून होते आणि कणकण आहे असं सांगत होते. तिसऱ्या दिवशी चहाला बाहेर पडले, तर पंडितच्या हॉटेलातून कुणीतरी म्हणालं, "आले बगा अठराशे बेचाळीस." ते तिथूनच मागे फिरले. त्यांना गावानं रावसाहेब म्हणावं असं वाटायचं, निदान साहेब. गावानं त्यांना आकडा म्हटलं.

घरी आल्यावर धम्मशीलाबाईंनी त्यांच्यापुढं चहा ठेवला. त्या हसल्या नाहीत, हे त्यांना फार अवघड गेलं. हसल्या असत्या तर रागावता आलं असतं.

"आता खरं लिवा," त्या म्हणाल्या.

"खरं लिहिलं तर सहाशे चौदाच होतात."

"मंग तितके हाव. कमी हायत का ते?"

त्यांनी दुसऱ्या दिवसापासून घरोघर जायला सुरुवात केली. कोरी वही, रकाने आखलेले. नाव, वय, सध्या कुठं, परत कधी. अर्ध्या दिवसाचं काम वाटलं होतं, त्याला नऊ दिवस लागले. खरी माणसं मोजणं हे खोट्या माणसांइतकं सोपं नसतं. एकाचं गावात घर आणि मळ्यात आखाडा म्हणजे शेतघर होतं, त्याला दोन्हीकडे मोजून घ्यायचं होतं. एकाची बायको भांडून माहेरी गेली होती. तो म्हणाला, तिला धरा, ती येणार हाय. तासाभरानं तिचाच माहेरून सिद्धोधनरावांना फोन आला की मला धरू नका, मी विचार करायलेय. तिच्या नावापुढं त्यांनी 'निर्णयाधीन' लिहिलं. ज्या घरांना कुलूप होतं, तिथं शेजारची म्हातारी येऊन आतली माणसं सांगायची. कोण कुठल्या कारखान्यावर, कुणाच्या टोळीत, कुणाची लेकरं संगं गेली, सगळं तोंडपाठ. 'सध्या कुठं' हा रकाना त्यांनी अरुंद आखला होता. तो दुसऱ्याच दिवशी पुरेना झाला, तेव्हा त्यांनी पान आडवं करून लिहायला सुरुवात केली.

सगळी मिळून सहाशे सत्तावीस भरली. त्यातली तीनशे एकतीस बाहेर होती.

मग अर्ज. या वेळी चार ओळींचाच होता, पण तिसऱ्या ओळीला त्यांना एक अख्खी दुपार लागली. पहिल्यांदा त्यांनी लिहिलं, 'पूर्वीच्या अर्जात अनवधानाने लोकसंख्या जास्त नमूद झाली.' मग ते खोडलं. मग 'नजरचुकीने' लिहिलं, तेही खोडलं. सरकारी मराठीत चूक कुणी करत नसतं, ती आपोआप होत असते, आणि त्या भाषेत त्यांची अख्खी हयात गेली होती. दिवेलागणीच्या सुमारास शेवटी त्यांनी लिहिलं, 'मी खोटा आकडा लिहिला.' आणि पेनाचं टोपण लावून टाकलं.

डेपोत मनिषा मॅडमनी अर्ज वाचला, मग सोबतची घरोघरची वही चाळली. खूप वेळ चाळली. टेबलापलीकडे सिद्धोधनराव हात बांधून उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"लोकसंख्येवर गाडी सुटत नाही हो," मॅडम म्हणाल्या. "तो रकाना नुसता माहितीचा असतो. तुम्ही अठराशे बेचाळीस लिहिलं, म्हणून मला वाटलं एवढ्या मोठ्या गावाला आजवर गाडी कशी नाही, जाऊन बघावं. सहाशे लिहिलं असतं तर इथूनच काम झालं असतं."

"मग सुटते कशावर?"

"पासावर. शाळेच्या पोरींचे पास काढायचे, मुख्याध्यापकांचं पत्र जोडायचं. दहाच्या वर पास असले तर महिनाभर चाचणीला गाडी देता येते. तुमच्या गावच्या अकरा पोरी रोज चालत जातात, हे पहिल्या अर्जात का नाही लिहिलं?"

सिद्धोधनराव म्हणाले, "आकडा लहान वाटला."

मॅडमनी वर बघितलं. मग एक कोरा फॉर्म पुढं सरकवला. तो भरायला मात्र ते खुर्चीवर बसले.

जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी सव्वासात वाजता लालगाडी आडगव्हाणात आली. ड्रायव्हरनं ती एका दमात वळवली आणि गावानं टाळ्या वाजवल्या. दत्तरावांनी नारळ फोडला. मग दार उघडलं, आणि पुढं काय होणार याचा विचार कुणीच केलेला नव्हता. पाटीपर्यंत जाऊन यायचं म्हणून अख्खं गाव आत घुसलं. पंडित हॉटेल बंद करून आला होता. दोन मिनिटांत सगळी सीटं भरली आणि दप्तरं पाठीला लावलेल्या अकरा पोरी खालीच राहिल्या. सिद्धोधनराव पहिल्या सीटवर होते. लोकांनीच त्यांना तिथं बसवलं होतं, गळ्यात हार घालून, आणि या वेळी कुणी काही चिडवलं नव्हतं.

कंडक्टर म्हणाला, "पासवाल्या आधी. बाकीचे उतरा."

कुणी हललं नाही. जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. शेवटी सिद्धोधनराव उठले. हार काढून त्यांनी सीटवरच ठेवला आणि खाली उतरले. मग दत्तराव उतरले, पंडित उतरला, एकेक करून निम्मी गाडी उतरली. धम्मशीलाबाई मात्र उतरल्या नाहीत. गुडघ्याच्या डॉक्टरकडं त्यांचा नंबर होता आणि त्यांनी सेलूचं पुरं तिकीट काढलं होतं. त्यांनी खिडकीतून नवऱ्याला सांगितलं, "कुकर लावा. चार शिट्ट्या." नवऱ्याच्या जागेवर एक आठवीतली पोरगी बसली, तो हार मांडीवर घेऊन.

उतरलेल्यांची गर्दी बघून बजरंगनं जीप पुढं आणली. चौदा माणसं एका मिनिटात भरली. इतक्या लवकर जीप सुटायची त्याला सवय नव्हती. तो चावी हातात घेऊन क्षणभर तसाच उभा राहिला.

गाडी गेली, जीप गेली, धुरळा खाली बसला. रस्त्यावर सिद्धोधनराव उरले आणि झुंबरबाई.

"ही गाडी रोज येणार का?" तिनं विचारलं.

"महिनाभर तरी येणार. पास वाढले तर पुढं बी येणार."

"व्यंकटीला फोन केला म्या राती. म्हणलं, पोरीला आणून सोड, मी हाय. पाटीवर न्यायला आता माणूस लागत न्हाई म्हणलं. तो आणतो म्हणला." तिनं पदरातून कागद काढला. कुठल्या तरी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा होता. "कसं यायचं ते लिवून द्या. कारखान्याच्या दुकानात ह्याचा फोटू पाठवतेत फोनवर, तिथं बघंल तो."

सिद्धोधनरावांनी खिशातून पेन काढलं. दळणवळण हा आता त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला होता. कुठून कुठली गाडी, किती वाजता, सगळं त्यांना पाठ होतं. व्यंकटीचा कारखाना कुर्डुवाडीजवळ, हे तर त्यांच्या वहीतच होतं. कडेच्या ओट्यावर बसून, पुठ्ठा गुडघ्यावर ठेवून त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि पहिली ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. "कुर्डुवाडी स्थानकावरून परभणीकडे प्रस्थान करणाऱ्या रेल्वेगाडीने..."

"थांबा," झुंबरबाई म्हणाली. "व्यंकटीला वाचता येत न्हाई. वाचणार पोरगी. तिला कळंल असं लिवा."

त्यांनी पुठ्ठा उलटा केला. दुसरी बाजू कोरी होती. मग ते एकेक ओळ सावकाश, मोठ्या अक्षरात लिहीत गेले. कुर्डुवाडीला परभणीच्या गाडीत बस. परभणीला उतर. तिथून सेलूची गाडी. सेलूच्या बसस्टँडवर पाच वाजता आडगव्हाणची लालगाडी लागते. बाबाला हात धरून चढव. शेवटपर्यंत उतरू नको.

त्यांनी ते झुंबरबाईला वाचून दाखवलं. तिनं मान हलवत ऐकलं, मग पुन्हा एकदा वाचायला लावलं. पुठ्ठा पदरात बांधताना म्हणाली, "जायचं कसं ते लिवलं न्हाई ना?"

"न्हाई. नुसतं यायचं."

"मंग बराबर हाय," ती म्हणाली, आणि घराकडं निघाली.